अठ्ठ्याहत्तर आसनांचे सभागृह

पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर गेलेल्या मतदाराच्या हातात एक जांभळे स्केचपेन देतात. आपले पेन खिशातच ठेवायचे. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे आणि प्रत्येकापुढे रिकामा चौकोन. तिथे फुली मारायची नाही, बरोबरची खूण करायची नाही, सही तर मुळीच नाही. पहिल्या पसंतीला १, दुसऱ्या पसंतीला २, असे नुसते आकडे लिहायचे. मी पहिल्यांदा असे मत दिले तेव्हा माझ्या पुढे एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. आकडे लिहून झाल्यावर त्यांनी मतपत्रिका लगेच घडी केली नाही. शाई ओली असताना दुमडली तर आकडा दुसऱ्या नावासमोर उमटेल, म्हणून कागद वाळेपर्यंत दोन्ही हातांत धरून त्या उभ्या राहिल्या. रांग थांबली, कोणी काही बोलले नाही.

त्या कागदाचा उगम भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७१ मध्ये आहे, आणि त्याही मागे गेलो तर एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत. महाराष्ट्र विधान परिषदेचा इतिहास लिहायचा तर मला तो या मतपत्रिकेपासूनच लिहावासा वाटतो. वरच्या सभागृहाविषयी आपल्याकडे ‘मागचे दार’ हा शब्द फार सहज वापरला जातो. ज्यांनी हे सभागृह घडवले त्यांनी त्याला एक नव्हे, पाच दारे ठेवली होती, आणि प्रत्येक दारातून कोणी यावे याचा बारकाईने विचार केला होता. त्या दारांची काळजी आपण किती घेतली, हा या इतिहासातला माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे संविधान असते आणि आपले विधिमंडळ कसे असावे ते त्या त्या राज्याचे लोक ठरवतात. नेब्रास्का हे एकच राज्य तिथे एका सभागृहावर चालते, बाकी सर्वत्र दोन. आपल्याकडे राज्यांना वेगळे संविधान नाही. देशाच्या संविधानाचा सहावा भाग हाच राज्याचा आराखडा, आणि त्यातले तिसरे प्रकरण, म्हणजे अनुच्छेद १६८ ते २१२, विधानमंडळाचे. तरीही दुसरे सभागृह हवे की नको हा निर्णय घटनाकारांनी दिल्लीतून लादला नाही. संविधान सभेत त्या त्या प्रांताच्या प्रतिनिधींनाच विचारले गेले. मुंबई, मद्रास, पश्चिम बंगाल, बिहार, संयुक्त प्रांत आणि पूर्व पंजाब यांनी होकार दिला. मध्य प्रांत-वऱ्हाड, आसाम आणि ओरिसा यांनी नकार दिला.

या नकाराचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. म्हणजे विदर्भातल्या मराठी माणसाने १९५६ पर्यंत वरिष्ठ सभागृह पाहिलेच नव्हते. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तिथेही एकच सभागृह. आजच्या महाराष्ट्रातले लोक तीन वेगवेगळ्या विधिमंडळांच्या सवयी घेऊन एकत्र आले, आणि विधान परिषद ही त्यांतल्या फक्त मुंबईकडच्या लोकांची ओळखीची वस्तू होती.

मुंबईकडची ओळख जुनी. १८६१च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टनुसार मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली, आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे त्याच पायऱ्यांच्या इमारतीत. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क अध्यक्षस्थानी होते. सारे सदस्य नेमलेले. हिंदी सदस्यांत जगन्नाथ शंकरशेट होते. प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रकावर बोलायचा नव्हता. सरकारने आणलेल्या मसुद्यावर मत द्यायचे आणि घरी जायचे.

१८९२च्या कायद्याने प्रश्न विचारता येऊ लागले, अंदाजपत्रकावर चर्चा करता येऊ लागली, आणि आडवळणाने का होईना निवडणूक आली. नावे सुचवायचा अधिकार मुंबई महापालिकेला मिळाला, विद्यापीठाच्या सिनेटला मिळाला, नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्डांच्या गटांना मिळाला. फिरोजशहा मेहता महापालिकेकडून आले. लोकमान्य टिळक १८९५ साली मध्य विभागाच्या लोकल बोर्डांकडून आले. त्यांच्यानंतर काही काळाने गोखले आले. आजच्या विधान परिषदेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागा आहेत, पदवीधरांच्या आहेत. त्यांचे मूळ इथे आहे. नगरपालिकेत बसलेला माणूस आणि विद्यापीठातून शिकून निघालेला माणूस यांचा आवाज कायदे करण्याच्या जागी पोहोचावा, ही कल्पना घटनाकारांनी हवेतून काढली नव्हती. मुंबई इलाख्यात ती अर्धे शतक वापरात होती.

त्या मंडळात बहुमत सरकारचेच असे. १९०१ साली जमीन महसूल कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा शेतकऱ्याचा जमिनीवरचा हक्क तोकडा होतो म्हणून फिरोजशहांनी त्याला कसून विरोध केला. मतांनी हरणार हे ठरलेलेच होते. तेव्हा फिरोजशहा, गोखले आणि त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. सभात्याग हा शब्द आज रोज कानी पडतो. त्या दिवशी तो सरकारला चक्रावून टाकणारा प्रकार होता.

१९१९च्या सुधारणांनंतर निवडून आलेल्यांचे बहुमत झाले. मंडळ एकच होते आणि त्याचे नाव लेजिस्लेटिव्ह कौन्सिल असे होते. सर नारायण चंदावरकर त्याचे अध्यक्ष झाले. १९२१ साली या कौन्सिलने स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव केला. पण मला या काळातला दुसरा एक ठराव जास्त थांबून पाहावासा वाटतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो. ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. महाडच्या नगरपालिकेने त्या ठरावाला अनुसरून १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले आणि तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा त्यांच्या हाताशी सभागृहाने दिलेला तो शब्द होता. सभागृहात उच्चारलेल्या शब्दाला बाहेरच्या माणसाने असे खरे करून दाखवावे लागते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. बाबासाहेब स्वतः त्याच वर्षी त्या कौन्सिलचे नेमलेले सदस्य झाले. महार वतनाचे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये तिथेच मांडले.

मंडळाची दोन सभागृहे झाली ती १९३५च्या कायद्याने. १९३७ साली १७५ सदस्यांची विधानसभा आणि तिच्याशेजारी छोटी विधान परिषद असे विधिमंडळ बसले. विधानसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, पुढे लोकसभेचेही पहिले अध्यक्ष झाले ते. परिषदेचे मंगलदास पक्वासा. मराठीत आपण विधानसभेचे ‘अध्यक्ष’ आणि परिषदेचे ‘सभापती’ म्हणतो. नवख्या वार्ताहराची पहिली परीक्षा याच शब्दांत होते.

तेव्हाचे सभागृह म्हणजे गेटवेजवळचा कौन्सिल हॉल. इमारत मुळात खलाशांसाठी बांधलेली, रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, १८७६ची. दर्शनी त्रिकोणी शिल्पपटावर समुद्रदेव आणि समुद्रातले घोडे कोरलेले आहेत. त्यांच्याखालून आत जाऊन १९२८ पासून पन्नासहून जास्त वर्षे आपल्या प्रतिनिधींनी कायदे केले. नोव्हेंबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेची चर्चा इथे चालू असताना मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून कामगारांचा मोर्चा या इमारतीकडे निघाला होता. २१ तारखेला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पंधरा माणसे त्या दिवशी गेली. फ्लोरा फाउंटनच्या हुतात्मा चौकातून कौन्सिल हॉलपर्यंतचे अंतर पायी काही मिनिटांचे आहे. आज त्या हॉलमध्ये राज्य पोलीस दलाचे मुख्यालय आहे, आणि विधिमंडळ १९८१ मध्ये नरिमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात गेले. १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले.

आता संविधानाच्या आराखड्याकडे. विधानसभेची सदस्यसंख्या ६० ते ५०० च्या दरम्यान असावी असे अनुच्छेद १७० सांगतो. महाराष्ट्रात सुरुवातीला २६४ जागा होत्या, १९७८ पासून २८८ आहेत. परिषदेची संख्या विधानसभेच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावी आणि चाळिसाहून कमी नसावी. आपली परिषद ७८ची. त्यांतले ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जणांना राज्यपाल नामनियुक्त करतात. या बाराजणांना साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ किंवा समाजसेवा यांतले ज्ञान वा अनुभव हवा. राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्यांच्या यादीत सहकार नाही. राज्यांच्या यादीत तो आहे, आणि सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या यांवर ज्या राज्याचे गाव चालते तिथे तो शब्द वाचताना समाधान वाटते.

विधानसभा पाच वर्षांनी विसर्जित होते. परिषद कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त होतात. विधानसभेच्या उमेदवाराला २५ वर्षे पूर्ण हवीत, परिषदेच्या उमेदवाराला ३०.

अधिकारांची वाटणी मात्र समान नाही, आणि ती जाणीवपूर्वक तशी केली आहे. धनविधेयक परिषदेत मांडताच येत नाही. विधानसभेकडून आलेले धनविधेयक १४ दिवसांत परत करायचे, शिफारशी करायच्या तर करायच्या, त्या मानायच्या की नाही ते विधानसभा ठरवणार. साधे विधेयक परिषद तीन महिने अडवू शकते. विधानसभेने ते पुन्हा संमत केले तर आणखी एक महिना, त्यानंतर ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. संसदेत लोकसभा-राज्यसभेचा वाद संयुक्त बैठकीत सुटतो. राज्यांत ती सोयच नाही, शेवटचा शब्द विधानसभेचा. परिषदेच्या हाती उरतात ते चार महिने आणि बोलण्याचा हक्क. मंत्री मात्र दोन्ही सभागृहांत उत्तरे द्यायला बांधलेले. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा, अंतिम आठवडा प्रस्ताव ही सगळी हत्यारे परिषदेकडे विधानसभेइतकीच धारदार आहेत. ज्यांनी ती मनापासून चालवली त्यांनी सरकारला अनेकदा जागेवर आणले.

लक्षवेधी हा शब्द पाहा. १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर कारभार मराठीत रुजत गेला आणि सभागृहाने स्वतःची अशी एक भाषा घडवली. प्रतोद, गटनेता, तालिका सभापती, पुरवणी मागण्या, हक्कभंग. आज गावातल्या ग्रामसभेतही कोणी ‘माझी लक्षवेधी आहे’ असे म्हणतो. सभागृहात बोललेला शब्द न् शब्द प्रतिवेदक टिपतात. त्या पानांच्या माथ्यावर ‘असुधारित प्रत’ असे छापलेले असते. घाईत टिपलेली ती पाने वाचताना वाक्य मध्येच तुटते, कोणी अडथळा आणतो, सभापती खाली बसायला सांगतात, आणि तरी पुढच्या ओळीत सदस्य आपल्या तालुक्यातल्या बंधाऱ्यावर परत येतो. त्या परत येण्यात मला या सभागृहाचा जीव दिसतो.

परिषदेचे मोल सांगताना मी नेहमी वि. स. पागे यांचे नाव घेतो. सांगली जिल्ह्यातले पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे सभापती होते. सभापतीला चर्चेत उतरता येत नाही, मत द्यायचे ते फक्त समसमान मते पडली तर. म्हणजे पद मोठे आणि हात बांधलेले. तरीही रोजगार हमी योजना ही त्यांची कल्पना. काम मागेल त्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी, असे साधे तत्त्व. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली त्याचा छोटा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे त्यांनी तो विचार चिकाटीने लावून धरला. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खणणाऱ्या लाखो हातांमागे ही कल्पना उभी राहिली. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, हे शहरातून निवडून आलेल्यांनीही मान्य केले. देशाला असा कायदा २००५ मध्ये मिळाला. निवडणुकीच्या गडबडीतून थोडा बाजूला बसलेला, एका विषयावर वर्षानुवर्षे विचार करणारा माणूस सभागृहात असला की काय होऊ शकते, ते पाग्यांकडे पाहून कळते.

नामनियुक्तांतही अशी माणसे येऊन गेली. ग. दि. माडगूळकर होते. ना. धों. महानोर १९७८ साली आले आणि कवी म्हणून मिरवण्याऐवजी शेती, पाणी आणि फळबागांवर बोलत राहिले. निवडून आलेल्यांपैकी ग. प्र. प्रधान पदवीधर मतदारसंघातून आले आणि विरोधी पक्षनेते झाले. विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब आकड्यांनिशी मांडणाऱ्या बी. टी. देशमुखांना अमरावतीच्या पदवीधरांनी पुनःपुन्हा पाठवले. विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न शिक्षक आमदारांनी जिवंत ठेवला, आणि तो त्यांनीच ठेवायचा होता.

मुख्यमंत्र्यांनाही या सभागृहाचा आधार लागला आहे. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत सदस्य व्हावेच लागते. पृथ्वीराज चव्हाण २०११ मध्ये परिषदेवर आले. उद्धव ठाकरे यांची सहा महिन्यांची मुदत मे २०२० मध्ये संपत होती आणि कोरोनामुळे निवडणुका थांबल्या होत्या. अखेर त्या घेतल्या गेल्या आणि ते बिनविरोध निवडून आले.

इतर राज्यांनी परिषदा आणल्या, मोडल्या. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने १९७० मध्ये, तामिळनाडूने १९८६ मध्ये मोडली. आंध्रने १९८५ मध्ये मोडली आणि २००७ मध्ये परत उभी केली. अनुच्छेद १६९ ने ते सोपे ठेवले आहे: विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा, संसदेने साधा कायदा करायचा. आज सहा राज्यांत परिषद उरली आहे. महाराष्ट्रात ती मोडण्याची वेळ आली नाही. पण न मोडता रिकामी राहू द्यायचा प्रकार आपल्याकडे झाला, आणि ते मला जास्त दुखते.

नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने नामनियुक्त जागांसाठी राज्यपालांकडे बारा नावांची शिफारस पाठवली. निर्णय झाला नाही. वाजवी काळात निर्णय व्हायला हवा असे उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले, तरी झाला नाही. सरकार बदलले, यादी मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये बारांपैकी सात जागा भरल्या. चार वर्षे साहित्य, कला, विज्ञान, सहकार आणि समाजसेवा यांच्यासाठी राखलेली आसने मोकळी होती. जुलै २०२२ मध्ये सभापतिपद रिकामे झाले, ते डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे यांची बिनविरोध निवड होईपर्यंत. मधली अडीच वर्षे उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवले. संविधानात तशी सोय आहे, पण ती अडचणीच्या वेळेसाठी आहे.

स्थानिक संस्थांच्या बावीस जागांचे दुखणे आणखी खोल. महापालिका, जिल्हा परिषदा, नगरपालिका यांच्या निवडणुका २०२२ पासून रखडल्या, तिथे प्रशासक बसले. नगरसेवकच नाही, जिल्हा परिषद सदस्यच नाही, तर मतदार कुठून आणायचा? पुरेशा संस्थांवर निवडून आलेले सदस्य असल्याशिवाय त्या मतदारसंघात निवडणूक घेता येत नाही. जुने आमदार मुदत संपून निवृत्त होत गेले आणि एकेका जिल्ह्याचे आसन रिते होत गेले. टिळक ज्या दारातून कौन्सिलात आले होते, ते हेच.

पदवीधरांच्या दाराचे कुलूप वेगळे. त्यांची मतदार यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने करतात. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेल असे नाही. अठरा क्रमांकाचा अर्ज भरायचा, पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडायची, पदवी मिळून तीन वर्षे झालेली हवीत. लाखो पदवीधर हे करत नाहीत. माझ्या ओळखीतल्या कितीतरी प्राध्यापकांची, वकिलांची, डॉक्टरांची नावे यादीत नाहीत. पुढची नोंदणी सुरू झाली की मी अर्जांचा एक गठ्ठा घेऊन आमच्या गल्लीत फिरणार आहे. पहिले घर त्या मुख्याध्यापिकांच्या मुलीचे आहे. ती इंजिनिअर आहे, आणि तिचे नाव अजून यादीत नाही.